पोर आत, तर तू आत

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री साडेअकराला आला, मी तो पहाटे वाचला. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो काका, हो काका’ म्हणतेस आणि विषय निघून जातो. म्हणून लिहितोय.

तुझ्या गावचं ते अकरावी सायन्सचं पोरगं, सोळा वर्षांचं. त्याची माय होळीला तुझ्या घरी येऊन बसली आणि म्हणाली, मे महिनाभर याला तुझ्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ने. तुझे पीएच.डी.चे गाइड म्हणाले, ‘आण की, भांडी धुईल, चार गोष्टी शिकेल.’ ऑफिसातला बाबू म्हणाला, असं कुठे काही लिहिलेलं नाही, कर काय करायचं ते. आणि तू मधल्या मधे. नाही म्हणावं तर त्याच्या ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप, प्रॅक्टिकलची जर्नल ते फळ्यावरून उतरवून घेतं. हो म्हणावं तर भीती वाटते, आणि ही भीती खरी की आपण उगाच बाऊ करतोय, ते कळत नाही.

भीती खरी आहे. आणि पोराला आण. दोन्ही.

आता अट ऐक. एकच आहे, आणि ती मी इतक्यांदा लिहिणार आहे की तुला कंटाळा येईल. पोर आत, तर तू आत. तू बाहेर, तर पोर बाहेर. गाइडांनी बोलावलं, कुरिअरवाला खाली उभा आहे, बाथरूमला जायचंय, काहीही असो. आधी पोराला व्हरांड्यात आणायचं, दाराला कुलूप लावायचं, किल्ली मुठीत घ्यायची, मग जायचं. दोन मिनिटांसाठीसुद्धा.

मे १९९४ ची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मला प्रयोगशाळा सहायक म्हणून लागून चार वर्षं झाली होती. सुट्ट्या होत्या, स्टॉक तपासणी माझ्या एकट्याच्या अंगावर. चौकीदाराचा तेरा वर्षांचा मुलगा दिवसभर आवारात हिंडायचा. मीच त्याला बोलावलं. बाटल्या पुसायच्या, लेबलं चिकटवायची, संध्याकाळी पाच रुपये. हुशार होता. लेबलावरचं इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचायचा आणि ‘काका, हे कायचं हो’ म्हणून पिच्छा पुरवायचा. त्याच्या आईला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘पोट्टं तुमच्या हवाली केलं सर. उन्हात फिरण्यापरीस बरं.’

दुपारी तीनच्या सुमारास ऑफिसचा शिपाई आला, पगारबिलावर सही राहिलीय म्हणून. मी पोराला म्हटलं, मागच्या रांगेला हात लावू नको, आलोच. दहा मिनिटं लागली असतील.

मागच्या रांगेत, पश्चिमेच्या खिडकीपाशी, तीव्र अमोनियाची अडीच लिटरची तपकिरी बाटली होती. आणि आपल्याकडचा मे. द्रावण तापलं की त्यातला वायू सुटतो आणि बाटलीत कोंडतो. अशी बाटली आधी बर्फात गार करायची, तोंड आपल्यापासून लांब धरायचं, वर ओलं फडकं टाकायचं आणि मग झाकण हळूहळू सैल करायचं. मला हे माहीत होतं. त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. झाकणाच्या खाचेत धूळ बसली होती, ती पुसायला म्हणून त्याने झाकण फिरवलं.

किंचाळी मी जिन्यात ऐकली. आत गेलो तर दोन्ही हात उजव्या डोळ्यावर. नळ सोडला, नळाला पाणी नव्हतं. पाणी सकाळी तासभर यायचं, हे मला रोजचं माहीत. त्याला उचलून मेसच्या हौदापाशी नेलं आणि कळशीने पाणी ओतत राहिलो. त्यात किती वेळ गेला ते मी अजून मोजतो. कधी दोन मिनिटं भरतात, कधी चार. अमोनिया आम्लारी, म्हणजे अल्कली. आम्लारी पदार्थ आम्लापेक्षा डोळ्यात खोल उतरतो, वाट बघत नाही. डोळा पांढरा झाला तो कायमचा.

तो आता पंचेचाळिशीला टेकलाय, किराणा दुकान चालवतो. भेटला की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. त्याची माय तेव्हा म्हणाली होती, ‘त्याच्या नशिबात होतं सर, तुमी काय करसान.’ तिने तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं. विभागाच्या कागदांवर त्या दिवशी तो मुलगा आत होता अशी नोंदच नाही. कोणी केली नाही. मीही केली नाही.

आता माझंही म्हणणं ऐक. शिपाई दुसऱ्यांदा आला होता. बिल अडलं असतं तर सगळ्या विभागाचा पगार रखडला असता. ती बाटली खिडकीत नको, असं मी दोनदा सांगितलं होतं, जागा नाही म्हणून तिथेच ठेवायला लावली. आणि पोराला मी सांगितलं होतं. सांगितलं होतं, बेटा. तीस वर्षं हे सगळं मी स्वतःला ऐकवतो आणि दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो, की मी खोलीत नव्हतो. मी असतो तर खिडकी तीच, ऊन तेच, नळही तसाच कोरडा असता. बाटली तेवढी उघडली नसती.

म्हणून तू लिहिलंस ना, ‘मी त्याला सगळे नियम लिहून देईन, पाठ करून घेईन’, ते वाचून मला राग आला. खरंच आला. नियम ते पोर दोन दिवसांत पाठ करेल, तुझ्यापेक्षा चांगले म्हणून दाखवेल. गावातून आलेल्या पोराला आम्लाची भीती नसते, तुझ्यासमोर अडाणी दिसण्याची असते. बीकर फुटला तर ते काचा रुमालात गुंडाळेल. हात भाजला तर खिशात घालेल. पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच सांग की फुटलं, सांडलं, चटका बसला तर जागेवरून ओरडायचं, इथे कोणी पैसे मागत नाही आणि कोणी रागवत नाही. आणि मग खरोखर रागवू नकोस. एकदा जरी कपाळाला आठी पडली, तरी पुढचं ते लपवणार.

त्याचा प्रोजेक्ट पळसाच्या फुलांचा रंग काढायचा आहे म्हणालीस. छान आहे. पण त्यासाठी सॉक्सलेट, म्हणजे उकळत्या द्रावकाने अर्क काढायचं ते काचेचं उपकरण, लावून देणार, हे कशाला? तुम्ही लोक सकाळी सॉक्सलेट लावता आणि सहा-सात तास चालायचंय म्हणून जेवायला जाता. मे महिन्यात टाकी आटते, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचं पाणी थांबतं, लाइट गेली की एक्झॉस्टही बंद, आणि चटकन पेटणाऱ्या पेट्रोलियम इथरची वाफ खोलीभर. कपाटातला दुसरा, डायएथिल इथर, तर ३४.६ अंशांना उकळतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो. म्हणजे टेबलावर नुसती ठेवलेली बाटली उकळायच्या पलीकडे गेलेली असते. तो इथर ज्या कपाटात आहे त्याची किल्ली तुझ्या गळ्यात असू दे.

पळसाचा रंग गरम पाण्यात उतरतो. तुझ्या लहानपणी आपण होळीला हंड्यात फुलं उकळायचो, विसरलीस? त्यात चुन्याची निवळी घातली की रंग कसा चढतो ते त्याला बघू दे, लिंबू पिळून काय होतं ते बघू दे. तुरटीत भिजवलेल्या सुती कापडावर रंग किती धरतो, नुसत्या कापडावर किती, धुतल्यावर काय उरतं, याचे महिनाभर तुकडे करून वहीत चिकटवू दे. यात रसायनशास्त्र कमी आहे असं कोण म्हणेल? आणि यात काही चुकलं तर हातापलीकडे जात नाही. पाणी उकळताना चटका बसेल, निवळी डोळ्यात उडू शकते, म्हणून चष्मा त्यालाही आणि तुलाही. तू घातला नाहीस तर ते घालणार नाही.

पाण्याचं वेगळं सांगतो. डोळे धुवायचा फवारा तुमच्याकडे आहे म्हणालीस. तो गच्चीवरच्या टाकीला जोडलेला आहे का? मग दुपारी दोनला त्याखाली स्वतःचा हात धरून बघ. चहाचं आधण येतं. सावलीत झाकणाचा पिंप भर, त्यावर पाणी ओतायचा मग ठेव, आणि रोज सकाळी पिंपात हात घालून बघ. डोळ्यात काही गेलं तर पंधरा-वीस मिनिटं सलग धुवायचं असतं, तेवढं पाणी त्यात हवं. आधी धुवायचं, दवाखाना नंतर.

तू लिहिलंस की मोठ्या विद्यापीठांत अशी भीती नसते, तिथे यंत्रणा असते. असते. तरी २०११ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये शेवटच्या वर्षाची बावीस वर्षांची मुलगी रात्री लेथवर एकटी काम करत होती. केस लेथमध्ये अडकले आणि ती गेली. तिच्या हुशारीत काही कमी नव्हतं. यंत्र थांबवायला दुसरा हात तिथे नव्हता. त्याआधी डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात तेवीस वर्षांच्या संशोधन सहायक मुलीच्या हातातली सिरिंज सुटी झाली. सिरिंजमध्ये हवा लागताच पेट घेणारं रसायन होतं. अंगात कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होतं. अठरा दिवसांनी ती गेली. ही दोन्ही मोठी, शिकलेली माणसं. तू तर सोळा वर्षांचं पोर आणतेस, आणि ते बहुधा शाळेचा जुना टेरिकॉटचा शर्ट घालून येईल. टेरिकॉट जळताना वितळून कातडीला चिकटतं. कापूस पिकवणाऱ्या मुलखातली आपली पोरं प्लॅस्टिक अंगावर घालून बर्नरपाशी उभी राहतात.

बाबू म्हणतो लिहिलेलं नाही. लिहिलेलं आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. काही अपवाद सोडले तर चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावता येत नाही, आणि चौदा ते अठरामधल्या मुलाला खाणी, ज्वालाग्राही पदार्थ, स्फोटकं आणि धोकादायक प्रक्रियांच्या कामावर ठेवता येत नाही. गाइडांना म्हणावं, ‘भांडी धुईल’ याला काम म्हणतात. शिकायला येतोय तर शिकवू. स्वतःची भांडी स्वतः धुईल, विभागाची नाही. खाली किरणोत्सारी स्रोताची खोली आहे, तिकडे त्याने फिरकायचंही नाही. अठरा वर्षांखालच्या कोणालाही त्या कामावर नेमता येत नाही.

संमतीचा कागद मराठीत कर. त्याच्या मायला अंगठा उठवायला लावण्याआधी वाचून दाखव, आणि तिला एकदा ती खोली दाखव. कुठलं कपाट, कुठलं दार, तू कुठे बसणार. ती ‘हवाली केलं’ म्हणेल. तेव्हा तू म्हण, हवाली नाही मावशी, रोज संध्याकाळी मी तुम्हाला फोन करणार.

आणखी एक, जे तू विचारलं नाहीस. पोर आत तर तू आत म्हणजे दार लावून दोघंच, असं नाही. दार उघडं, हाकेच्या अंतरावर दुसरं मोठं माणूस. हे तुझ्यासाठीही आणि तुझ्या जागी उद्या जो बसेल त्याच्यासाठीही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, २०१२ चा आहे. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक मूल येतं, मुलगाही येतो. काही वाईट घडल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणं हाही गुन्हा. मुलगा आहे, त्याला काय होतंय, असं कोणी म्हणालं तर तिथेच तोड. तो हॉस्टेलवर राहणार नाही. त्याची मावशी शहरात आहे म्हणालीस ना, तिथे राहील. पाचच्या आत बाहेर. त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत.

तू म्हणशील काका अति करतात. मला हे ऐकायची सवय आहे. एका वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, साठ पोरं ट्रकमधून उतरवली आणि सगळी एकदम आत सोडा म्हणून वरून हुकूम. पाहुणे आले होते, फोटो काढायचा होता. किल्ली माझ्याकडे होती. मी दिली नाही. म्हटलं, आठ-आठ सोडतो, प्रत्येक आठांमागे त्यांचा एक शिक्षक, बाकीची व्हरांड्यात लोहचुंबक खेळतील. पाहुणे निघून गेले. माझ्या फाइलीत ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा आला आणि बढती राहिली ती राहिलीच. त्याचं मला दुःख आहे, खोटं कशाला बोलू. घरी ऐकून घ्यावं लागलं. पण त्या दिवशी तिसऱ्या तुकडीतल्या एका पोराने रॉकेलच्या बाटलीतला सोडियमचा तुकडा उचलून मुठीत धरला होता. घामेजलेली मूठ, आणि सोडियम पाण्याला लागला की पेटतो. साठांत तो मला दिसला नसता, आठांत दिसला. मी आजही किल्ली देणार नाही. पुन्हा नोकरीला लावा, पहिल्याच दिवशी नाही म्हणेन.

गाइडांना तू नाही म्हणू शकत नाहीस, असं लिहिलंस. पीएच.डी. त्यांच्या हातात आहे, मला कळतं. त्यांच्याशी वाद घालू नको. एवढंच म्हण, ‘सर, पोरगा आत असेल तेव्हा मी खोली सोडणार नाही, तुमचं काम त्या वेळात होणार नाही.’ सकाळी नऊ ते बारा, तीनच तास ठेव. ऊनही कमी, पाणीही असतं. हे जमत नसेल तर त्याला आणू नकोस, त्याच्या मायला मी समजावतो. पण तू जमवशील.

पहिल्या दिवशी मी घाटंजीहून पहिल्या एसटीने येतो, सोबत त्या दोघा मायलेकांना घेऊन. बाजारातले कोट मोठ्यांच्या मापाचे असतात, बाही बीकरमध्ये बुडते. आपल्या गल्लीतल्या शिंप्याकडे जाड सुती कापड देऊन ठेवलंय. त्या पोराचं माप पाठव, छाती, खांदा आणि बाही मनगटापर्यंत. मनगटाच्या पुढे नको.

तुझा,
काका