मोत्यासह व्हिटबी: ऑगस्ट की ऑक्टोबर?

प्रश्न: आम्ही लीड्सला राहतो, दोघंही नोकरी करतो, मुलगी आठ वर्षांची. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आहेत. ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या व्हिटबीला आठवडाभरासाठी कुत्रा चालेल असं कॉटेज पाहिलंय, मोत्याच्या ४० पौंडांसह १,६८० पौंड. बचत ४,२००. क्रेडिट कार्डावर २,३०० थकलेत, व्याज २४ टक्के, दरमहा २०० भरतो. नवरा म्हणतो, मोत्याला दिवसाला ३२ पौंड देऊन केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या वसतिगृहात, ठेवू आणि तीन रात्री हॉटेलात राहू. मला वाटतं, कार्डावरच घ्यावं. काय करू?

उत्तर: ताई, जरूर जा आणि मोत्यालाही न्या. फक्त ऑगस्टमध्ये नको, आणि कार्डाची जुनी बाकी तशीच ठेवून तर नकोच.

२,३०० वर २४ टक्के म्हणजे महिन्याला साधारण ४६ पौंड नुसतं व्याज. तुमच्या २०० मधला जवळजवळ चौथा हिस्सा असाच जातो. बचतीतून ही बाकी आजच फेडून टाका. हाताशी १,९०० राहतील. चार माणसांच्या घराला ही शिल्लक कमी आहे, तीन महिन्यांचा खर्च तरी बाजूला असावा असं मी सगळ्यांना सांगतो. पण हे भोक बुजल्याशिवाय ती शिल्लक वाढायची नाही.

आता जुलैपासून दरमहाचे २०० मोकळे. तुम्ही पाठवलेल्या दरांत त्याच कॉटेजच्या ऑक्टोबर हाफ-टर्ममधल्या (शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीतल्या) चार रात्री मोत्यासह ५९० ला आहेत. अनामत भरल्यावर उरलेली रक्कम बहुतेक ठिकाणी सहा-आठ आठवडे आधी मागतात. सहा आठवडे धरले तर सप्टेंबरचा मध्य, तोवर तुमचे ६०० जमलेले असतील. ऑक्टोबरच्या २०० मध्ये पेट्रोल आणि एकदा सगळ्यांचं फिश अँड चिप्स. बाकी स्वयंपाकघर आहेच, सासूबाईंच्या हातचं पिठलं समुद्राच्या वाऱ्यात आणखी छान लागेल.

सप्टेंबरात शाळा बुडवून जायचा विचार असेल तर सोडा. पाच दिवस विनापरवानगी बुडाले की प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, तोही २१ दिवसांत भरला तर.

शिवाय ज्या समुद्रासाठी १,६८० मोजायचे, तिथे ऑगस्टमध्ये मोत्याला मोकळं फिरता येणार नाही. व्हिटबीच्या वेस्ट क्लिफखालच्या वाळूवर १ मे ते ३० सप्टेंबर कुत्र्यांना मनाई असते. ऑक्टोबरात ती उठते. ओहोटीची वेळ बघून सँड्सएंडपर्यंतचे तीनेक मैल वाळूवरून चाला, मुलगी आणि मोत्या दोघंही दमून गाढ झोपतील. ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे गेली की अंधार लवकर पडतो, ऊनही बेभरवशाचं. ते मात्र सोसावं लागेल.

केनेलमध्ये तीन रात्रींचे बहुधा चार दिवस धरतात, म्हणजे १२८. त्यात हॉटेलच्या दोन खोल्या आणि तिन्ही वेळा बाहेरचं खाणं. स्वस्त पडेल असं वाटतं, पण पडणार नाही. आणि सहलीत मोत्या नसला तर मुलगी चारही दिवस त्याच्याबद्दलच विचारत राहील.

अनामत मात्र क्रेडिट कार्डानेच भरा आणि त्याच महिन्यात फेडा. १०० पौंडांहून महाग खरेदीला १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम ७५ लागू होतं. मालकाने हात वर केले तर बँकही जबाबदार राहते, कार्डावर फक्त अनामत भरली असली तरी. पैसे मधल्या एजन्सीकडे जात असतील तर हे संरक्षण निसटू शकतं, म्हणून पावती कोणाच्या नावाची मिळेल ते आधी विचारा. तारखा ठरवून घेतलेल्या मुक्कामाला चौदा दिवसांत रद्द करण्याची कायदेशीर मुभा नसते.

नियमही ओळ न ओळ वाचा. एकदा आम्ही ओल्या पायांच्या कुत्रीला सोफ्यावर चढू दिलं आणि अनामतीतले ८५ पौंड गेले. नियम लिहिलेला होता, आम्ही वाचला नव्हता. तेव्हापासून डिकीत एक जुनी चादर असतेच. अंगणाला कुंपण आहे का आणि कुत्र्याला एकटं ठेवलेलं चालतं का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी चालत नाही. पण तुमचं त्यावाचून अडणार नाही. टेकडीवरच्या ॲबीकडे, म्हणजे जुन्या मठाच्या अवशेषांकडे, जायला १९९ पायऱ्या आहेत. सासूबाईंचे गुडघे नको म्हणाले तर त्या आणि मोत्या खाली शेगडीपाशी बसतील, तुम्ही तिघं वर जाऊन या.