स्लाव्ह भाषांतील ‘आ’: अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थ्यास पत्र

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक आशीर्वाद.

स्लाव्ह भाषांतील ‘आ’ या एकाक्षरी उभयान्वयी अव्ययावर प्रबंधिका लिहिण्याचा तुझा विचार मला मनापासून आवडला. आराखड्याच्या पहिल्याच पानावर मात्र तू ‘आ म्हणजे आणि’ असे लिहिले आहेस आणि पुढची सारी मांडणी त्यावरच उभी केली आहेस. ते आधी काढून टाक. या शब्दाला सर्व भाषांत टिकणारा असा एकच अर्थ नाही. प्रत्येक भाषेत त्याच्या शेजारी कोणती अव्यये आहेत आणि त्यांनी किती कामे आपल्याकडे घेतली आहेत, यावरून त्याच्या वाट्याला काय उरते ते ठरते. मला तुझ्या प्रबंधिकेकडून हीच मांडणी हवी आहे.

आरंभ रशियनपासून कर, कारण ती तुला चांगली अवगत आहे. तेथे ‘इ’ निखळ जोडतो, ‘नो’ अपेक्षेला छेद देतो, आणि ‘आ’ दोन गोष्टींना एकमेकींसमोर उभे करतो. ‘या उचीतेल, आ ओन व्राच’ या वाक्यात कसलाही विरोध नाही. एक शिक्षक आहे, दुसरा डॉक्टर आहे, एवढेच. मराठीत आपण येथे सहजपणे ‘मी शिक्षक आहे, तर तो डॉक्टर’ असे म्हणू. दुसरा उपयोग दुरुस्तीचा आहे: ‘एता न्ये स्तोल, आ स्तूल’, म्हणजे ‘हे टेबल नाही, तर खुर्ची आहे’. इशारा देताना येणारे ‘आ तो’ आपल्या ‘नाहीतर’ची जागा घेते. तीनही ठिकाणी मराठीत ‘तर’ यावा, हा योगायोग म्हणून सोडून देऊ नकोस. त्याकडे मी खाली परत येतो.

आता हेच वाक्यप्रकार घेऊन पश्चिमेकडे जा. चेकमध्ये ‘ओतेत्स आ मात्का’ म्हणजे साधे ‘वडील आणि आई’. तेथे ‘आ’ने जोडण्याचे सगळे काम स्वतःकडे घेतले आहे आणि ‘इ’ला ‘सुद्धा’ किंवा ‘तसेच’ या अर्थांपुरते मागे सारले आहे. स्लोव्हाक आणि (पूर्व जर्मनीतील) सोर्बियन भाषांतही जोडणारा नेहमीचा शब्द ‘आ’च आहे. पोलिशची वाटणी मात्र मधली आहे आणि म्हणूनच ती सर्वांत बारकाईने पाहण्याजोगी आहे. पोलिश माणूस आईवडिलांना ‘इ’ने जोडतो, ‘यान वाचतो आहे, तर मार्या लिहिते आहे’ यासाठी ‘आ’ वापरतो, आणि ‘वॉर्सा व क्राकूव्ह यांच्या दरम्यान’ असे म्हणताना दोन शहरांच्या मध्ये पुन्हा ‘आ’च ठेवतो. दोन टोके वेगळी राखूनच त्यांच्यामधले अंतर सांगता येते, म्हणून तेथे समोरासमोर ठेवणारा शब्द टिकला असावा, असे मला वाटते. ‘हे नाही, ते’ अशा दुरुस्तीसाठी मात्र पोलिश सहसा ‘लेच’, ‘आले’ किंवा ‘तिल्को’ यांकडे वळते. सर्बियनमध्येही तुलना ‘आ’ने होते, पण दुरुस्ती ‘नेगो’ किंवा ‘वेच’ने, बल्गेरियन या दोन्ही बाबतींत रशियनसारखी चालते. भूगोल आणि भाषांचा वंशवृक्ष यांच्या रेषा येथे जुळत नाहीत, आणि तुझ्या पाहणीतला खरा प्रश्न तोच आहे.

व्युत्पत्तीचे प्रकरण तू शेवटी ठेवले आहेस, पण संस्कृतचा पाया असलेल्या विद्यार्थ्याने ते संकोचून लिहू नये. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील ३२व्या सूक्तात, इंद्राने अहीला मारल्यानंतर, ‘आत् सूर्यं जनयन् द्यामुषासम्’ असा चरण येतो. हा ‘आत्’ म्हणजे ‘त्यानंतर’, ‘मग’. दर्शक सर्वनामाच्या ‘अ’ या अंगाचे हे गोठलेले पंचमीचे रूप आहे. ‘त्यापासून’ या अर्थातून ‘त्यानंतर’ हा अर्थ निघाला. अवेस्तेतील (पारशी धर्मग्रंथातील) ‘आअत्’, लिथुआनियनमधील ‘ओ’ आणि स्लाव्ह ‘आ’ ही त्याचीच भावंडे मानली जातात. आदिस्लाव्ह भाषेत, म्हणजे सर्व स्लाव्ह भाषांच्या समान पूर्वज भाषेत, शब्दाच्या अखेरची व्यंजने गळून पडली, त्यामुळे मागे केवळ स्वर उरला. हा मेळ ध्वनींच्या नुसत्या सारखेपणावर उभा नाही, हे दाखवण्यासाठी नामरूपांची साक्ष काढ: संस्कृत ‘वृकात्’ (लांडग्यापासून), लिथुआनियन ‘विल्को’ आणि रशियन ‘वोल्का’ (दोन्ही ‘लांडग्याचा’) यांच्या अंत्य अक्षरांत ‘आत्’, ‘ओ’, ‘आ’ अशी तीच ओळ उभी राहते, कारण बाल्टिक-स्लाव्ह भाषांच्या या षष्ठीत जुनी पंचमी सामावलेली आहे. मूळ स्वर नेमका कोणता होता याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; ते तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदव, पण त्यांच्या भीतीने ही ओळ गाळू नकोस.

आता ‘तर’कडे येतो. आपला ‘तर’ संस्कृत ‘तर्हि’पासून आला, आणि ‘तर्हि’चाही अर्थ ‘तेव्हा’, तोही दर्शक सर्वनामाच्याच अंगापासून बनलेला. दोन शब्दांचे मूळ वेगळे आहे, पण ‘मग’ असे सांगणारा शब्द पुढे तुलनेकडे आणि दुरुस्तीकडे वळतो, ही वाट दोन्हीकडे दिसते. हे नाते रक्ताचे नाही, चालीचे आहे, आणि तू ते तसे स्पष्ट लिहिलेस तर परीक्षक तुझ्यावर नावांच्या भ्रामक साम्याचा आरोप करू शकणार नाहीत.

जुन्या लेखनाचा आधार हवा असेल, तर नोव्गोरोद या जुन्या रशियन शहरात सापडलेल्या, भूर्जाच्या सालीवर लिहिलेल्या मध्ययुगीन पत्रांकडे जा. २६ जुलै १९५१ रोजी आर्तेमी आर्त्सिखोव्स्की यांच्या उत्खननात पहिले पत्र सापडले. आज त्यांची संख्या हजारावर गेली आहे आणि आंद्रेई झालिझन्याक यांनी त्यांच्या भाषेवर केलेले काम तुला पायाभूत ठरेल. व्यवहारातल्या या पत्रांत नवे कलम, नवी मागणी, नवा निरोप वारंवार ‘आ’ने सुरू होतो. आजचा रशियन माणूस ‘आ ग्द्ये इवान?’ (‘आणि इवान कुठे आहे?’) असे विचारून बोलण्याचा विषय पुढे नेतो, त्यातही मला ‘आत्’चा ‘मग’ अजून ऐकू येतो. हे माझे वाचन आहे. तू ते पुराव्याने तपास.

आणखी एक गोष्ट तुझ्या आराखड्यात नाही, ती घाल. रशियनमध्ये अस्सल स्लाव्ह शब्द ‘आ’ने जवळजवळ सुरूच होत नाहीत, आर्मिया (सैन्य), आव्तोर (लेखक), आव्गुस्त (ऑगस्ट) हे सारे बाहेरून आले. आदिस्लाव्ह काळात शब्द स्वरान्त झाले, तेव्हा पुढच्या शब्दाच्या आरंभीच्या ‘आ’पुढे ‘य’ येऊन बसला, आणि म्हणून सफरचंद ‘याब्लको’ झाले. हे अव्यय मात्र वाक्याच्या तोंडाशी, क्षणभर थांबल्यानंतर उच्चारले जाई, त्यामुळे त्याच्यापुढे ‘य’ येण्याचे कारण नव्हते. वाक्यातली जागा शब्दाचा ध्वनीसुद्धा राखते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

जोडशब्दांच्या बाबतीत सावध राहा. ‘आ’ला ‘लि’ जोडून झालेला ‘आली’ सर्बियनमध्ये ‘पण’ असा अर्थ देतो, तर जुन्या आणि बोलीतील रशियनमध्ये ‘किंवा’ असा. चेक व पोलिशमधील ‘आबी’ (‘म्हणून’, ‘यासाठी की’) वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे. या प्रबंधिकेत त्याला एका परिच्छेदाहून अधिक जागा देऊ नकोस.

उदाहरणे कोशांतून उचलू नकोस. ओलेग त्रुबाचोव्ह यांच्या संपादनाखालील स्लाव्ह व्युत्पत्तिकोशाचा १९७४चा पहिला खंड मूळ शोधण्यासाठी जवळ ठेव, पण उपयोगांसाठी प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील ‘इंटरकॉर्प’ हा समांतर भाषासंग्रह वापर. एकच मजकूर चेक, पोलिश आणि रशियनमध्ये शेजारी ठेव, आणि एका भाषेतील प्रत्येक ‘आ’च्या जागी दुसरीत काय आले ते मागच्या-पुढच्या वाक्यासह उतरवून घे. पोलिशपासून सुरुवात केलीस तर वर्गवारी लवकर स्पष्ट होईल. ती नोंद तयार झाली की व्युत्पत्तीच्या प्रकरणाआधी मला पाठव. आपण दोघे मिळून ती वाचू.

तुझा हितचिंतक