वाचकांचे प्रश्न : नियमात न बसणारा स्क्रू

प्रश्न : माझ्या संग्रहातील स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरवर योकच्या (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या भागाच्या) खाचेत ‘१९-२’, म्हणजे मॉडेल १९ ची दुसरी सुधारणा, असा छाप आहे. या आवृत्तीत ट्रिगर गार्डच्या पुढचा स्क्रू काढून टाकला होता, असे वाचनात आले. माझ्या नगाला मात्र तो आहे. शिवाय योकवर मुठीच्या क्रमांकाशी न जुळणारा आकडा दिसतो. हा वेगवेगळ्या नगांचे भाग जोडून तयार केलेला असावा का?

उत्तर : आधी आकड्याची शंका दूर करू, कारण ती सहज मिटण्यासारखी आहे. योकवर, फ्रेमवर आणि साइडप्लेटच्या (फ्रेमच्या बाजूच्या झाकणाच्या) आतल्या बाजूस जो आकडा सापडतो, तो जुळणीचा असतो. एकमेकांना घासून बसवलेले भाग पॉलिश आणि ब्लूइंगच्या (पोलादावरच्या निळसर-काळ्या थराच्या) फेऱ्यांत विखुरले जाऊ नयेत म्हणून तो टाकला जाई. मुठीच्या तळाशी असलेल्या अनुक्रमांकाशी त्याचा संबंध नसतो. हे तिन्ही आकडे आपापसांत जुळत असतील, तर शंका उलट कमी होते. केवळ हा फरक पाहून चांगला नग नाकारणारे ग्राहक भेटतात, याचे वाईट वाटते.

स्क्रूचा प्रश्न खरा रंजक आहे. जुन्या रचनेत सिलिंडर स्टॉपची (सिलिंडरला जागेवर अडवणाऱ्या खटक्याची) स्प्रिंग आणि तिचा छोटा प्लंजर (दट्ट्या) फ्रेमच्या पुढून, याच छिद्रातून आत जातो आणि स्क्रू त्यांना अडवून धरतो. १९६१ च्या सुमारास रचना बदलली, स्प्रिंग फ्रेमच्या आतच बसू लागली आणि छिद्राची गरज संपली. म्हणून स्क्रू नंतर कोणी शोभेसाठी बसवला, हे संभवत नाही. आत त्याला काम असेल, तर फ्रेमच जुन्या घडणीची आहे. छाप मारण्याचा दिवस आणि जुन्या फ्रेम संपण्याचा दिवस कारखान्यात एकच असेल, असे मानण्याचे कारण नाही, कारण तयार फ्रेम साठवल्या जात आणि अनुक्रमांकाच्या क्रमाने त्या बाहेर पडतीलच असे नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर कोल्ट कंपनीनेही उरलेल्या सुट्या भागांतून काही ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर जुळवल्या होत्या.

तरीही छापातला ‘२’ भिंगाखाली पाहावा. त्याच्या कडा, खोली आणि त्यावरचे ब्लूइंग शेजारच्या आकड्यांसारखेच असले पाहिजे. आकड्याभोवती उघडा, चमकदार धातू दिसला, तर तो नंतर मारलेला समजावा. मुठीच्या तळाशी क्रमांकाजवळ तारा असेल, तर रिव्हॉल्व्हर दुरुस्तीसाठी कारखान्यात परत गेल्याची ती खूण असते, आणि मग भाग बदलल्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते.

आत पाहायचे असल्यास सिलिंडर रिकामे असल्याची खात्री करून, नेमक्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने साइडप्लेटचे स्क्रू काढावेत आणि कोणता कुठला याची नोंद ठेवावी, कारण योकला धरणारा पुढचा स्क्रू त्याच जागेसाठी बेतून बसवलेला असतो. प्लेट उचकटू नये. मूठ उतरवून तिच्या फ्रेमवर लाकडी दांड्याने हलके ठोके दिले की प्लेट आपोआप वर येते. स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशनच्या पत्रातून पाठवणीची तारीख व ठिकाण कळते, मात्र अशा बारीक भागाची नोंद त्यात क्वचितच मिळेल. तोपर्यंत स्क्रू बदलू नका आणि छापावर पॉलिशही करू नका.