प्रश्न तुमचे : जकातीच्या करारात वाणिज्यदूत कशाला?

प्रश्न : सर, मी पिंपळगाव बसवंतहून द्राक्षं परदेशी पाठवतो. सावानात (सार्वजनिक वाचनालयात) मित्राशी वाद झाला. तो म्हणतो, पूर्वी व्यापाराचा आणि वाणिज्यदूतांचा करार एकच असायचा. जकातीच्या बोलण्यांत दूताचं काय काम?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्र बरोबर बोलतोय. परक्या बंदरात व्यापारी उतरला की त्याची भांडणं, देणी, आजारपण सगळंच मागोमाग येतं. तिथे आपल्या सरकारचं कुणीतरी लागतंच, तोच वाणिज्यदूत. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच कागदावर येत.

पण मेख कुठे मारली जाते ते पाहायचं तर १८५८ चा अमेरिका-जपान करार पाहा. अमेरिकेचा वाणिज्यदूत टाउनसेंड हॅरिस १८५६ पासून जपानच्या शिमोडा बंदरात ठाण मांडून होता. बोलणी चालली डचमधून, कारण दोन्हीकडच्या दुभाष्यांना तीच येत होती. चीनशी लढणारे इंग्रज-फ्रेंच उद्या इकडे वळतील, ही भीती हॅरिसने बेमालूम पेरली. आयात जकात ठरली बहुतेक मालावर २० टक्के, दारूवर ३५ (वाइनच्या गावचे म्हणून मुद्दाम सांगतो!). दर तसे बरे होते, पण १८६६ मध्ये ते दाबून ५ टक्क्यांच्या आसपास आणले.

घात केला दोन कलमांनी. जपानी माणसाविरुद्ध गुन्हा करणाऱ्या अमेरिकनाचा खटला वाणिज्यदूताच्या कोर्टात, अमेरिकन कायद्याने चालणार. आणि १८७२ नंतर फेरविचार मागता येणार, पण एकतर्फी करार मोडायची सोयच नाही.

१८७२ मध्ये जपानचे मंत्री इवाकुरा यांचं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोचलं. करार बदलायची बोलणी सुरू केली, तर लक्षात आलं की सही करायचं अधिकारपत्रच नाही. मुखत्यारपत्राविना खरेदीखत करायला जावं, तशी गत. शिष्टमंडळातले ओकुबो आणि इतो ते आणायला थेट जपानला परतले. कागद घेऊन आले, तोवर बोलणीच गुंडाळायची वेळ आली. परक्यांची कोर्टं गेली १८९९ मध्ये, जकात ठरवायचा हक्क मिळाला १९११ मध्ये.

आज वाणिज्यदूतांचे अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहेत. अटकेतल्या आपल्या माणसाला तो भेटू शकतो, वकील मिळवून देऊ शकतो. खटला मात्र तिथल्याच कोर्टात. व्यापाराचे करार वेगळे होतात, जसा आपला संयुक्त अरब अमिरातींशी २०२२ चा. असा करार वाचताना मी तरी दर नंतर बघतो, करार संपवायचं कलम आधी.

आणि हो, फवारणीच्या औषधाच्या अवशेषांवरून युरोपात तुमचा कंटेनर अडला, तर तो सोडवायचा हुकूम वाणिज्यदूत देऊ शकत नाही. तिथे ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीची) नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवालच कामाला येईल.