जर्मनीत पब्लिक इन्शुरन्सवर स्त्रीरोगतज्ज्ञ शोधताना

तुमचा प्रश्न असा: नवऱ्याची नोकरी ऑक्टोबरपासून जर्मनीत, तुम्हीही सोबत निघताय, पोहोचाल तेव्हा पाचवा महिना असेल, तर पब्लिक इन्शुरन्स, म्हणजे तिथला सरकारी नियमांनुसारचा आरोग्य विमा, घेणारी चांगली डॉक्टर कशी मिळेल? ‘चांगली’ तूर्त बाजूला ठेवा. आधी हवी ती नवीन पेशंट घेणारी. पब्लिक इन्शुरन्स चालणारे दवाखाने बहुसंख्य आहेत, घोडं अडतं ते जागेपाशी.

त्याआधी नवऱ्याचा इन्शुरन्स कोणता ते पक्कं करा. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असला (2025 साली वर्षाला 73,800 युरो) की प्रायव्हेट घेता येतो आणि एजंट त्याचा आग्रहही धरतात. तुमच्या स्थितीत तो घेऊ नका. प्रायव्हेटमध्ये बायकोचा हप्ता वेगळा, तब्येतीची प्रश्नावली, आणि बाळंतपणासाठी साधारणपणे 8 महिन्यांचा प्रतीक्षाकाळ. पब्लिकमध्ये यातलं काही नाही. कमावत नसलेली बायको नवऱ्याच्या विम्यात फुकट येते, आधीपासून गरोदर असली तरी. फॉर्म मात्र वेगळा भरावा लागतो. आडनावं वेगळी असतील तर विमासंस्था, म्हणजे क्रांकनकासे (थोडक्यात कासे), लग्नाचा दाखला मागते. भाषांतर इथूनच करून न्या.

विम्याचं कार्ड पोस्टाने येतं, त्याला काही आठवडे लागतात. टपालपेटीवर दोघांचीही आडनावं चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो आणि कार्ड का आलं नाही हे कळायलाच महिना जातो. तोवर कासेकडून ‘एर्झात्सबेशायनिगुंग’ मागा. हा कार्डाऐवजी चालणारा कागद आहे, फोन केला तरी मिळतो. यातलं काहीच दाखवलं नाही तर दवाखाना 10 दिवस थांबून खाजगी बिल पाठवू शकतो. कार्ड दर तिमाहीला एकदा मशीनमध्ये घालावं लागतं, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरपासून नव्याने.

आता शोध. दवाखान्याच्या पाटीवर ‘आले कासन’ (सगळ्या कासे) असेल तर तुमचं कार्ड चालतं. ‘प्रिव्हाट उंड आले कासन’ असेल तरीही चालतं. नुसतं ‘प्रिव्हाटप्राक्सिस’ (फक्त खाजगी दवाखाना) असेल तर पुढे जा. डॉक्टोलिब या वेबसाइटवर अपॉइंटमेंट घेताना विम्याच्या प्रश्नाला ‘गेझेत्स्लिश’, म्हणजे पब्लिक, निवडा. एखाद्या ठिकाणी उद्याचीच वेळ सहज मिळत असेल तर नीट वाचा, बहुधा ती स्वतः पैसे भरणाऱ्यांसाठी असते. तिथे खर्च मी देईन अशा कागदावर सही केलीत की कासे ते पैसे सहसा परत देत नाही. काउंटरवर पुढे आलेला कागद न वाचता सही करायची आपली सवय इथे महागात पडते.

ऑनलाइन जागा दिसत नाही म्हणजे जागा नाही असं नव्हे. सकाळी 8 ते 12 मध्ये फोन करा, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बरेच दवाखाने बंद असतात. पहिल्याच वाक्यात गरोदर आहात हे सांगा: ‘इश बिन श्वांगर, इन डेअर त्स्वान्त्सिग्स्टन वोखे, गेझेत्स्लिश फेरझिशर्ट. नेमन झी नॉये पात्सिएन्टिनन आउफ?’ म्हणजे, मी गरोदर आहे, विसावा आठवडा, पब्लिक इन्शुरन्स, नवीन पेशंट घेता का? ‘पाचवा महिना’ म्हणून उपयोग नाही, तिथे सगळं आठवड्यांत चालतं. फोन उचलतच नसतील तर चालत जाऊन काउंटरवर विचारा. समोर उभ्या असलेल्या गरोदर बाईला नाही म्हणणं फोनपेक्षा अवघड जातं.

एवढं करूनही नकारच मिळाले तर 116117, हा डॉक्टरची वेळ मिळवून देणारा नंबर. फोन करा किंवा त्याच नावाच्या वेबसाइटवरून वेळ घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञासाठी दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही आणि 4 आठवड्यांच्या आतली वेळ मिळायला हवी. डॉक्टर निवडता येत नाही, अंतरही लांब असू शकतं, तरी घ्या. पण ती एकच भेट आहे हे लक्षात ठेवा. तिथेच स्पष्ट विचारा की बाळंतपणापर्यंत तपासण्या तुम्हीच कराल का.

वेळेचं गणित तुमच्या बाबतीत नाजूक आहे. विमा तीन सोनोग्राफ्यांचे पैसे देतो: 9 ते 12, 19 ते 22 आणि 29 ते 32 आठवडे. तुम्ही नेमक्या दुसरीच्या तोंडावर उतरणार. शक्य असेल तर अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना हे पाहणारी सोनोग्राफी) निघण्याआधी भारतातच करून रिपोर्ट घेऊन जा, म्हणजे डॉक्टर मिळायला उशीर झाला तरी ती तपासणी चुकणार नाही. आधीचं सिझेरियन असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद हवीच. पहिल्या भेटीत मुटरपास ही गरोदरपणातल्या तपासण्यांची वही मिळते. ती कायम पर्समध्ये ठेवा.

तपासण्या 32 व्या आठवड्यापर्यंत साधारण 4 आठवड्यांनी, नंतर 2 आठवड्यांनी. आपल्याकडच्यासारखी प्रत्येक वेळी सोनोग्राफी होत नाही. वजन, रक्तदाब, लघवी, बाळाचे ठोके एवढंच. जास्तीची सोनोग्राफी किंवा टॉक्सोप्लाझ्मोसिसची चाचणी सुचवली तर ती बहुधा तुमच्या खर्चाने असते, नको म्हटलं तर कुणी रागावत नाही. मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत दिसलं तर डॉक्टर सहज सांगतात, तिथे त्याला बंदी नाही. ऐकायचं नसेल तर आधीच बजावा.

हेबामे, म्हणजे सुईण, हा शब्द ऐकून बिचकू नका. ती प्रशिक्षित असते, तिचे पैसे कासे देते, सोनोग्राफी सोडून नेहमीच्या तपासण्या तीही करू शकते, आणि बाळंतपणानंतर घरी येते. डॉक्टर मिळेपर्यंत तिचाच आधार. पण मोठ्या शहरांत त्यांची टंचाई आहे, म्हणून भारतातूनच ईमेल पाठवायला लागा.

दवाखान्यातली डॉक्टर सहसा बाळंतपण करत नाही, हे पुष्कळांना उशिरा कळतं. त्यासाठी हॉस्पिटलमध्ये वेगळी नोंदणी, साधारण 30 व्या आठवड्यानंतर. हॉस्पिटलात राहिल्यावर एरवी पेशंटला भरावे लागणारे रोजचे 10 युरो बाळंतपणासाठी लागत नाहीत. रक्तस्राव झाला किंवा पाणी गेलं तर अपॉइंटमेंट शोधत बसू नका, प्रसूतिकक्ष असलेल्या हॉस्पिटलात थेट जा, नाहीतर 112 हा तातडीचा नंबर लावा.