जहाज आणि गरुड असलेलं रोमन नाणं कोणाचं?

तुम्ही विचारलंय की चांदीच्या रोमन नाण्यावर एकीकडे वल्ह्यांचं जहाज आणि दुसरीकडे दोन निशाणांच्या मधे गरुड आहे, तर ते कोणत्या सम्राटाचं आणि एवढं गुळगुळीत का?

सम्राटाचं नाही. वर्णनावरून ते रोमन सेनापती मार्क अँटनीचं देनारियस, म्हणजे चांदीचं रोमन नाणं आहे, इ.स.पू. ३२-३१ मधलं. त्याचा प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन (पुढचा सम्राट ऑगस्टस) याच्याशी लढाई तोंडावर आली होती, अँटनीची फौज आणि आरमार ग्रीसमध्ये तळ देऊन होतं आणि शिपायांचे पगार भागवायचे होते. त्यासाठी ही नाणी पाडली. जहाजाच्या वर अँटनीच्या नावापुढे 'एयूजी' अशी अक्षरं असतात. ती पाहून बरेच जण ऑगस्टस समजतात, पण इथे त्यांचा अर्थ ऑगर, म्हणजे शकुन पाहणारा पुरोहित. ते पद अँटनीकडे होतं.

मला मात्र मागची बाजू जास्त आवडते. गरुड हे लीजनचं, म्हणजे रोमन पलटणीचं मुख्य चिन्ह. तो शत्रूच्या हाती पडण्यासारखी दुसरी नामुष्की नव्हती. त्याच्या खाली पलटणीचा क्रमांक असतो. दुसऱ्यापासून तेविसाव्यापर्यंतचे क्रमांक सापडतात. अँटनीने स्वतःचा चेहरा न छापता पलटणींचे क्रमांक छापले, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता झीज. या नाण्यांत चांदी कमी होती. अँटनीने त्यात लोखंड मिसळल्याचं रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय. प्रत्यक्षात मिसळलेलं असतं ते तांबं. लोक चोख नाणी घरात दडवत आणि हिणकस बाजारात चालवत. पुढे इ.स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने देनारियसचं वजन आणि कस दोन्ही उतरवले. मग जुनी चोख नाणी वितळवण्यात फायदा दिसू लागला, अँटनीच्या नाण्यांत तो फारसा नव्हता, म्हणून ती चलनात फिरत राहिली. अँटनी इ.स.पू. ३१ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्याजवळ ॲक्टियमच्या लढाईत हरला, पण त्याची नाणी पॉम्पेईत सापडतात आणि ब्रिटनमधल्या तिसऱ्या शतकातल्या ठेव्यांतही. दोनशे वर्षांहून जास्त काळ हाताळलेली चांदी अशीच दिसणार.

क्रमांक वाचायचा असेल तर नाणं तिरप्या उजेडात धरून गरुडाच्या काठीच्या दोन्ही बाजूंना, तळाशी बघा. चार हा आकडा काही नाण्यांवर चार उभ्या रेघांनीही लिहिलेला असतो. आणि कृपा करून चिंच किंवा चांदी उजळायची पावडर लावून घासू नका, उरलेल्या रेघाही जातील.