सोलापुरात मुळात पाऊसच कमी, मग स्लॅबवरचं पाणी साठवून उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की घर जुळे सोलापुरात आहे, १००० चौरस फुटांचा स्लॅब आहे, बोअर मार्चमध्येच आटतो आणि पावसाचा काही नेम राहिला नाही, तर यावर पैसे घालावेत का? जरूर घाला. आमच्याकडे सहा वर्षांपासून हे चालू आहे, म्हणून सांगतो.

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. तुमचा स्लॅब ९३ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पडतो. वाया जाणारं सोडलं तरी ४० हजार लिटर हाती लागतं. घरात चार माणसं आणि दिवसाला ४०० लिटर खर्च धरला, तर १०० दिवसांचं पाणी झालं. दरवर्षी एवढं पाणी आपण पन्हाळीतून गटारात सोडतो.

दुसरं म्हणजे, आपल्या नळाचं पाणी आपल्या पावसाचं नाहीच. उजनी धरण भरतं ते मावळ, मुळशी, भीमाशंकरकडच्या पावसावर. २०२३ ला पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी पार मायनसमध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून पातळी त्याच्याही खाली उतरली. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हक्काचं पाणी म्हणजे स्वतःच्या डोक्यावर पडलेलं, एवढंच.

आता पावसाच्या लहरीबद्दल. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यामुळे पडतो तेव्हा ओततो, आणि मधले खंड लांबतात. १४ ऑक्टोबर २०२० चा अतिवृष्टीचा दिवस आठवत असेल. आपला मोठा पाऊस तसाही सप्टेंबरातला. एका रात्रीत ५० मिलिमीटर झाला तर तुमच्या स्लॅबवरून ४ हजार लिटरच्या वर पाणी येईल. १००० लिटरची टाकी झोपेतच भरून वाहेल. म्हणून नुसती टाकी ठेवू नका. टाकी भरली की उरलेलं पाणी बोअरकडे वळवा.

इथेच आम्ही चुकलो होतो. पहिल्या वर्षी प्लंबरने पाइप सरळ बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या नळीत सोडला. मृगाच्या पहिल्या सरीला स्लॅबवरची धूळ, कबुतरांची घाण, सगळं खाली गेलं. आठ दिवस मोटारीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी येत होतं आणि वासही मारत होतं. आईने ते पाणी तुळशीलासुद्धा घालू दिलं नाही. पुढच्या मे महिन्यात बोअरशेजारी तीन फूट लांब-रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेतला, आतून बांधला. तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि सगळ्यात वर जाड वाळू. खड्ड्याच्या तळातून पाइप बोअरमध्ये. स्लॅबच्या पाइपला खाली एक कॉक बसवला. पहिले दोन-तीन पाऊस तो उघडाच ठेवतो, घाण बाहेर जाते. वाळू दर उन्हाळ्यात काढून धुवावी लागते, त्यात आळस करू नका. आणि रस्त्याचं, मोरीचं पाणी कधीही बोअरमध्ये सोडू नका. एकदा खालचं पाणी नासलं की आपल्या हातात काही राहत नाही.

बोअर किती पाणी घेईल हे मात्र खालच्या खडकावर आहे. आपला खडक काळा, पाणी राहतं ते फक्त भेगांमध्ये. आधी एक टँकर बोअरमध्ये ओतून बघा. पातळी भराभर उतरली तर बोअर पाणी घेतोय. तुंबून राहिली तर तो पैसा मोठ्या टाकीवर घाला. आमचा बोअर पूर्वी मार्चमध्ये आटायचा, आता एप्रिल संपेपर्यंत अर्धा तास मोटार चालते. मेमध्ये आजही टँकर लागतो, तेही सांगून ठेवतो.

टाकीतलं पाणी आम्ही धुण्याभांड्याला वापरतो, आणि उकळून स्वयंपाकाला. बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ तीन शिट्ट्या झाल्या तरी टचटचीत राहायची. पावसाच्या पाण्यात ती दोन शिट्ट्यांत मऊ होते. आई आता वरणासाठी एक कळशी वेगळी भरून ठेवते.

प्लंबरला बोलावण्याआधी स्लॅबवर दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठल्या कोपऱ्याला जाऊन थांबतं ते बघा. पाइप तिथूनच काढायला सांगा.